दोन्ही बाह्या उजव्या

काकूंचा देवावर विश्वास होता, आणि तो त्या रोज देवाला तोंडावर ऐकवतही असत. सकाळी दुकानाचं दार उघडलं की शिवणयंत्र पुसता पुसता म्हणत, "हे बघ, तू सोडणारा नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण आता जरा लवकर कर." मास्तरांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता. काकूंना तो परत हवा होता. दुसरं काही त्यांनी मागितलंच नव्हतं.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. मास्तरांनी कापायचं आणि काकूंनी शिवायचं, असं ते दुकान वर्षानुवर्षं चाललं होतं. कात्री जितकी धारदार तितकीच मास्तरांची जीभ. गिऱ्हाईक असो की बायको, चुकलं की घेतलीच हजेरी. आजारातून ती जीभ वाचली होती, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं; पण मास्तरांनीच तिला कुलूप घातलं. दुकानामागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. डाव्या हाताला कामाची सवय लावा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मास्तर एवढंच बोलले, "या वयात?" आणि नंतर काकूंना म्हणाले, "दुकान बंद कर."

नणंदबाईंचंही तेच म्हणणं. "वहिनी, एवढं देव देव केलंस, काय पदरात पडलं? देव काय, झोपलाय."

"झोपला असेल तर उठेल की, वन्सं," काकू म्हणाल्या. "मेला तर नाही ना?"

उत्तर झोकात दिलं खरं, पण कुलपाचा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता. त्यात एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून आचाऱ्यांच्या कोटांचं काम चालून आलं. कापडाचं थान रुग्णालयाचंच, मोजून दिलेलं. काकूंनी ते काम परस्पर घेतलं आणि भिंतीकडे वळलेल्या पाठीला सांगून टाकलं, "हे काम जमलं तर दुकान चालू. नाही जमलं, तर मी स्वतः कुलूप लावीन. मग पुन्हा नाव काढणार नाही."

थान दुहेरी दुमडलेलं होतं. पाठी आणि पुढचे भाग काकूंनी त्या दुमडीतच कापले, ते बिनचूक निघाले. बाह्यांच्या वेळी मात्र त्यांच्यातली टापटिपीची बाई जागी झाली. कापड मोकळं केलं, सगळे थर सुलट बाजू वर करून, काठाला काठ लावून रचले, बाहीचा पुठ्ठा ठेवला आणि धाडधाड कात्री चालवली. गठ्ठा असा सुरेख दिसत होता की त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली.

दुपारी पहिल्या कोटाला बाह्या जोडल्या. उजवी झकास बसली. डावी मात्र खांद्यापाशी पीळ खाऊन मागे पळायला लागली. काकूंनी उसवली, पुन्हा जोडली. पुन्हा तेच. मग त्यांनी गठ्ठ्यातली दुसरी बाही उचलली, तिसरी उचलली, एकीवर एक ठेवून पाहिली. सगळ्या बाह्या उजव्या! बाहीचा खांद्याकडचा गोल पुढून खोल आणि मागून उथळ असतो; थर एकमेकांकडे तोंड करून लावले असते तर जोड्या निघाल्या असत्या. हे शिंप्याच्या घरात शेंबडं पोर सांगेल. कापड उलटं वापरावं, तर ती बाजू मळकट, खरबरीत. नवं कापड मागायला तोंड नव्हतं.

काकू मटकन खाली बसल्या. "मी तुझ्या भरवशावर उडी मारली," त्या देवाला म्हणाल्या, "आणि तू बघत राहिलास?" आणि मोठ्यानं रडू लागल्या. इतक्या महिन्यांत त्या रडल्या नव्हत्या.

आतून खाट करकरली. एक पाय ओढत, भिंतीला धरून मास्तर दारात आले. त्यांनी टेबलावरच्या बाह्या बघितल्या. एक बघितली, दुसरी बघितली.

"दोन्ही उजव्या?"

"सगळ्याच," काकू नाक ओढत म्हणाल्या.

"डोळे काय कपाटात ठेवले होतेस? जन्म गेला माझ्यासमोर, थर कसे लावायचे ते कळलं नाही? आचाऱ्याला काय दोन उजवे हात असतात?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बोलणी खाऊन एवढं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बघतेस काय? बाहीला खाली दुमड किती ठेवलीस?"

"तुम्ही ठेवता तेवढीच. चार बोटं."

"मग रडतेस कशाला? वरचा गोल दोन बोटं खाली पुन्हा काप, डाव्या हाताचा. खालची दुमड सोड आणि आतून पट्टी लाव. लांबी भरून निघेल. आण, गोल काढून देतो."

त्यांनी खडू घ्यायला हात पुढे केला. उजवा उठला नाही. मास्तर थिजले. काकूंना वाटलं, आता हे वळणार आणि भिंतीकडे जाणार. पण मास्तरांचं रक्त तापलं होतं. त्यांनी डाव्या हातात खडू घेतला, चरफडत कोऱ्या पुठ्ठ्यावर टेकवला आणि ओढला.

रेघ थरथरली, पण वळण चुकलं नाही. उजव्या हातानं जन्मभर जो गोल काढला, तोच डाव्या हातातून आरशातल्यासारखा उलटा उतरला. बरोब्बर डाव्या बाहीचा. मास्तर पुठ्ठ्याकडे बघत राहिले, मग आपल्या डाव्या हाताकडे, जणू तो कुण्या पाहुण्याचा होता.

"आपोआप गेला गं," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

काकूंनी हात जोडले. महिनोन् महिने त्या एकच हात मागत बसल्या होत्या, आणि दुसरा घरातच होता.

"मला उजवा हवा होता," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्याला गरज कळते," मास्तर म्हणाले. देवाबद्दल ते आजारानंतर पहिल्यांदाच बोलत होते. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता कात्री दे. आणि थर मी सांगतो तसे लाव."