कपाटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चार्जरची वायर जोडली की काही वेळाने माझा पांढरा दिवा लागे. कोणी बटण दाबले की तो विझे. हात दूर झाला की पुन्हा लागे.

कारखान्यातून मी एका भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेकडे आलो. घरात तिला सगळे आईच म्हणत. माझ्यावर ती धडे तयार करी. माझ्या वेगाचे शेजाऱ्यांपुढे कौतुकही करी. पुढे तिच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून तिने तो माझ्यात साठवला. भाषण नव्हे, रोजचे बोलणे: "अगं, पंखा बंद कर!", "जेवलीस का?"

शस्त्रक्रियेनंतर ते ऐकण्याचा धीर कोणालाच झाला नाही. मला कपाटात ठेवले. वर्षे गेली. बंद यंत्राचीही बॅटरी हळूहळू उतरते. माझी पार रिकामी झाली. बाहेर आई पाटीवर लिहून बोलत होती आणि तिचा आवाज अंधारात माझ्यापाशी होता. जिवंत माणसाच्या आवाजाची राखण करणे फार विचित्र असते.

एके दुपारी लेकीने मला बाहेर काढले. "मावशी, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय गं."

तिने फोनचा चार्जर जोडला. दिवा लागला, बटण दाबले, विझला. पुन्हा तेच.

मावशी कुजबुजली, "हात लावला की लपतोय बघ. तिचा जीव अडकलाय आत."

आईने पाटी उचलली: "मी इथे बसले आहे."

"मदरबोर्ड गेलाय," मावशीबरोबर भेटायला आलेला मामा म्हणाला. "जाताना भंगारात टाकतो."

"मामा, हात लावायचा नाही!"

लेक पुन्हा बटणाकडे वळली, तशी आईने तिचे मनगट धरले. फोनचा चार्जर काढून तिने लेकीच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा जाड चार्जर मला लावला आणि माझ्या झाकणावर तळवा ठेवून बसली. चहा झाला, कप विसळले गेले. मग तिने स्वतः बटण दाबले, आणि मी सुरू होताच साठवलेला आवाज लावला.

"अगं, पंखा बंद कर!"

लेक ताडकन उठून पंख्याच्या बटणापाशी गेली. पंखा बंदच होता. ती तिथेच भिंतीला टेकून रडली. आई तिच्याकडे पाहत राहिली, ओठ हलले, आवाज माझ्यातून आला: "जेवलीस का?"

मित्रांनो, आम्हाला दीर्घकाळ ठेवायचे असेल तर निम्मी बॅटरी भरून ठेवा आणि अधूनमधून चौकशी करा.

संध्याकाळी आईने पाटीवर कारण लिहिले. फोनच्या चार्जरचे टोक माझ्या खाचेत बसत होते, पण त्याची शक्ती अपुरी होती. रिकाम्या बॅटरीत थोडी वीज साठली की दिवा लागे. दिवा दिसताच कोणीतरी बटण दाबे, आणि साठलेली सगळी वीज सुरू होण्याच्या धडपडीतच संपे.