बाबांचं पहिलं गिऱ्हाईक

मित्रांनो, लोक माझ्यावर ऐसपैस बसतात, डुलक्या घेतात आणि उठताना माझ्याकडे न बघता आरशात बघतात. मी एका न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, लाकडी हात आणि मान टेकायला गादी, असा माझा थाट होता. मालकांनी मला कोरी करकरीत आणली, तेव्हा ते नुकतेच बाप झाले होते. त्यांचा हात इतका हलका, की दाढी उरकली तरी गिऱ्हाईक घोरतच असे. पुढे मुलगाही त्यांच्याच हाताखाली शिकला.

पण म्हातारपण कुणाला चुकलंय? माझी गादी फाटली आणि मालकांचा, म्हणजे मुलाच्या बाबांचा, हात थरथरू लागला. एकदा एका मास्तरांच्या कानाजवळ वस्तरा लागला. रक्त थोडंच आलं, पण मुलगा घाबरला.

"बाबा, आता तुम्ही नुसते गल्ल्यापाशी बसा. खूप केलंत आमच्यासाठी," तो म्हणाला.

त्याने त्यांच्यासाठी मऊ उशी आणली. येणारा-जाणारा त्यांची विचारपूस करी. मुलाचं मन स्वच्छ होतं, पण मला मेलीला चैन पडेना. बाबा रिकामे हात मांडीवर ठेवून बसत. हळूहळू त्यांनी दुकानात येणंच सोडलं.

एके दुपारी मुलाची आई डबा घेऊन आली. म्हणाली, "अरे, रोज सकाळी उठून वस्तऱ्याला धार लावतात, पुसतात आणि परत पेटीत ठेवून देतात. मला बघवत नाही."

मुलगा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांना हाताला धरून घेऊन आला आणि स्वतः माझ्यावर बसला.

"बाबा, माझी दाढी करा."

"हात थरथरतो रे."

"माहीत आहे. सावकाश करा."

बाबांनी फेस लावला, वस्तरा उघडला. मुलाने माझे हात घट्ट धरले होते. त्याच्या तळव्यांना घाम फुटला होता, पण मान त्याने तसूभरही हलवली नाही. हनुवटीपाशी वस्तरा लागलाच. बाबांनी चटकन तुरटी फिरवली आणि जुन्या जरबेने म्हणाले, "हलतोस कशाला?"

"चुकलं, बाबा," मुलगा म्हणाला.

आता रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक तोच असतो. मित्रांनो, आईवडिलांना मऊ उशी जरूर द्या. पण त्यांच्या हातांनाही थोडं काम राहू द्या, आणि त्यापायी एखादा ओरखडा आलाच, तर तो आपल्या गालावर घ्या.