दाक्षायणीची रिकामी यादी

माझी नात दाक्षायणी आपल्या चुकीचं खापर माझ्या वळणावर फोडते, हे मला मुळीच खपलं नाही. पुण्याला कॉम्प्युटर शिकायला धाडली, तर चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत तोंड पाडून सोलापूरला हजर. चादरीच्या मागाला असतात तशी भोकाभोकांची कार्डं आणि एक छापील कागद माझ्यासमोर टाकून म्हणते, "आजी, मी परत जाणार न्हाय. तुझ्यामुळं वर्गात हसं झालं माझं."

"मी काय तुझ्या मशिनीला शिवले का गं?"

तेव्हा बयेनं सांगितलं. मशिनीला एका गावाची सगळी नावं द्यायची. त्यातून देवीचा रोग झालेली माणसं वेचायचं काम लिहायचं. ते काम रिकामी यादी घेऊन बसतं, एकेक नाव बघतं, जुळलं की यादीत टाकतं आणि शेवटी यादी मागणाऱ्याच्या हाती देतं. मी सुनेला रिकामं सूप देऊन आत धाडते, ती चांगल्या शेंगा वेचून आणून देते, तसंच की. इथवर मला कळलं.

"मग चुकलं कुटं?"

"कुणीच सापडलं न्हाय तर यादी रिकामी परत जाणार. आपण शेजारणीचं भांडं कधी रिकामं देतो का? चिमूटभर साखर तरी घालतो, तूच शिकवलंस. म्हणून मी आधीच माझं नाव घालून ठेवलं."

मशिनीनं निमूट छापलं, त्या गावात देवी आलेली एकटी दाक्षायणी. सर म्हणाले, "धडधाकट गावात तू रोग नेलास."

मला हसू येत होतं, पण पोरीचे डोळे भरलेले. म्हटलं, "खोड ते नाव." तिनं खोडलं.

"आता मशीन काय देईल?"

"रिकामी यादी."

"म्हणजे बघितलंच न्हाय तिनं?"

"एकूण एक माणूस बघितलं, आजी. कुणालाच देवी न्हाईत, म्हणून रिकामी."

मी तो कागद हातात घेतला. वर मथळा, खाली खोडलेल्या नावाशिवाय काही नाही. आमच्या गल्लीत देवी आल्या तेव्हा माझा थोरला शरणप्पा गेला, शेजारच्या शांतम्माच्या दोन्ही पोरी गेल्या. 'आमच्यात कुणाला न्हाय' म्हणणारं दार सापडत नव्हतं. आणि इथं अख्खं गाव, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं धुंडाळलं, तरी एक नाव नाही. माझा आवाज बंद झाला म्हणून सुना घाबरून बाहेर आल्या.

मग म्हटलं, "दाक्षे, वळण माझं चांगलंच हाय, ते तितं नेलंस हा तुझा गाढवपणा. पण असलं काम सोडून चुलीपाशी बसलीस, तर तू माझी नात न्हवंस. सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं."