सरूबाईची साखर कोणी उतरवली?

कांजूरमार्गच्या त्या रक्ततपासणी केंद्रापुढे मंगळवारी सकाळी जी गर्दी लोटली होती, ती रक्त देण्यासाठी नव्हती. ती नारळ वाढवण्यासाठी होती. माहुलच्या कोळीवाड्यातील स्त्रिया होत्या, समोरच्या टॉवरमधील सुशिक्षित मंडळी होती, आणि सर्वांच्या मधोमध माहुलची मासळीवाली सरूबाई उत्सवमूर्तीसारखी खुर्चीवर विराजमान झाली होती. गेल्या महिन्यात तिच्या रक्तातील साखर तीनशे चाळीस होती. देवव्रत महाराजांनी मस्तकी अंगारा लावला, आणि त्यांच्याच मोफत शिबिरात ती ब्याण्णव निघाली!

नळ्यांवरची लेबले छापणाऱ्या यंत्राला झेंडूचा हार घातलेला होता. तो घालणारा श्यामसुंदर हा केंद्रातील लेबले छापणारा कारकून. त्याच्या अंगी विनम्रता पुष्कळ होती. पण त्या सकाळी ती रजेवर होती.

महाराजांनी एक लेबल उंच धरले. "नीट बघा! लोक ह्याला क्यूआर कोड म्हणतात. अरे, हे यंत्र आहे यंत्र! तीन कोपऱ्यांत तीन डोळे. ब्रह्मा, विष्णू, महेश! मग चौथ्या कोपऱ्यात डोळा का नाही?"

"का, महाराज?" गर्दीने विचारले.

"तिथं गुरू बसतो!"

ते तीन चौकोन कोड सरळ आहे की उलटा हे कॅमेऱ्याला कळावे म्हणून असतात, हे श्यामसुंदरला ठाऊक होते. परंतु ठाऊक असलेले ऐन वेळी न आठवणे हा त्याचा जन्मजात गुण होता. त्याने सर्वांत मोठ्याने टाळी वाजवली.

"आणि माझा अहवाल?" महाराज गरजले. "शिबिरात पहिलं रक्त मी दिलं, तर म्हणे नमुना आढळला नाही! यंत्रानं हात टेकले!"

श्यामसुंदरपाशी तर याहून मोठा पुरावा होता. शिबिराच्या दिवशी यंत्रातून बाहेर पडलेल्या पहिल्या लेबलावर माणसाचे नावच नव्हते. तेथे ॥श्री॥ उमटले होते. एक्सेलच्या यादीत माथ्यावर श्री त्यानेच लिहिला होता खरा, कोणत्याही कागदावर लिहितो तसा. पण यंत्राने तो शिरोधार्य मानून प्रथम छापावा, हा कौल नव्हे तर काय? ते लेबल त्याने भिंतीवर चिकटवून त्याला हळदकुंकूही वाहिले होते.

इतक्यात केंद्राच्या डॉक्टर गंधाली आत आल्या. त्यांची दृष्टी हाराकडे गेली नाही. सरूबाईच्या पायाकडे गेली.

"मावशी, अंगठ्याला पट्टी कसली?"

"काटा रुतला माशाचा. भरत नाय अजून."

"आणि इन्सुलिन घेताय ना?"

"सुई सोरली मी. ब्याण्णव हाय ना आता! ह्यानीच सांगितलं, आता सुई कशाला." तिने कौतुकाने श्यामसुंदरकडे बोट केले.

श्यामसुंदरने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

गंधालींनी संगणकावर दोन्ही महिन्यांचे अहवाल उघडले. "श्यामसुंदरकाका, साखर उतरली, ठीक. पण मावशींचा रक्तगट बी होता. तो ओ कसा झाला?"

"कृपेनं देह पालटतो!" महाराज म्हणाले.

"मग यादीत मावशींच्या खालचा परेश. व्यायामशाळेत जाणारा धडधाकट माणूस, त्याची साखर तीनशे साठ, आणि त्याचा रक्तगट ओचा बी. ही कृपा की अदलाबदल?"

गर्दीतून परेश उसळला. "मॅडम, मला हे महाराज म्हणाले नजर लागली! अंगारा खातोय यार मी. घरी चहात साखर बंद!"

गंधालींनी तिथेच सरूबाईच्या बोटाला सुई टोचून थेंब छोट्या मीटरवर घेतला. आकडा उमटला : तीनशे बाहत्तर.

श्यामसुंदरने ती यादी उघडली. डावीकडे नंबर, उजवीकडे नावे. नंबरावरून कोड तयार होई, शेजारी नाव छापले जाई. नावांच्या माथ्यावर श्रीला जागा करताना संगणकाने त्याला काही विचारले होते, आणि त्याने न वाचताच होकार दिला होता. त्यामुळे फक्त नावे एक घर खाली सरकली. नंबर जागच्या जागी राहिले.

यंत्र बिघडले होते म्हणावे? हार अजून ताजा होता, अब्रूही. त्याने सरूबाईच्या पट्टीकडे पाहिले.

"मी केलं," तो म्हणाला. "पहिला नंबर महाराजांचा, तो श्रीला गेला, म्हणून महाराजांचा नमुना आढळला नाही. दुसरा सरूबाईंचा, तो महाराजांच्या नळीला लागला. तिसरा परेशचा, तो सरूबाईंच्या नळीला. आपण नळीवर नाव वाचतो. मशीन कोड वाचतं."

"म्हंजे म्हाराजांच्या साखरेवर मी माझी सुई सोरली?" सरूबाई उठून उभी राहिली. "आणि तू रे मेल्या, हार घालून बसलास?"

"ही वास्तूच अपवित्र आहे," असे पुटपुटत महाराज चपला शोधू लागले. त्यांना कोणी अडवले नाही. श्यामसुंदरने मात्र रिक्षा थांबवली, आणि वाटभर शिव्या खात सरूबाईला रुग्णालयात पोहोचवले. गंधालींनी त्याच दिवशी शिबिरातील सर्वांना फेरतपासणीसाठी बोलावले.

अंगठा वाचला. आता सरूबाई तपासणीला आली की हात पुढे करण्यापूर्वी दरडावते, "आधी नाव वाच. मग नंबर वाच. मग दोनी जुळव." रांगेतील लोकही तसेच म्हणतात, आणि श्यामसुंदर मान खाली घालून आज्ञा पाळतो. श्री तो आजही लिहितो, पण यादीच्या बाहेर, स्वतःच्या डायरीत.

वाचकहो, ब्याण्णवऐवजी पाचशे आले असते, तर त्या दिवशी प्रत्येक जण ओरडला असता, "पुन्हा तपासा!" नावडता आकडा आपण दोनदा तपासतो. आवडताही तपासावा, एवढेच मागणे आहे.