शुद्धीतली माफी

शिंप्याने दारू सोडून वर्ष उलटलं, आणि तेव्हापासून तो फारच अवघड माणूस झाला होता. पीत होता तेव्हा निदान रडून माफी तरी मागायचा. बायकोची, शेजाऱ्याची, प्रसंगी दिव्याच्या खांबाचीही. आता दिवसभर शुद्धीत, आणि दिवसभर बरोबर! कोट घट्ट झाला तर कापड आटलेलं असे, सैल झाला तर गिऱ्हाईक वाळलेलं असे, आणि दोन्ही जमत नसेल तर आरसा वाकडा. एवढं करूनही चूक उरलीच, तर तिचं खापर मागे मशीनवर बसलेल्या बायकोच्या डोक्यावर फुटायचं.

दारू सोडलेल्यांच्या बैठकीला तो दर आठवड्याला जाई. तिथे त्याला सांभाळून घेणारे काका म्हणजे एक निवृत्त बसचालक. "बाटली सुटली, आता स्वभावातलं काय सोडणार?" त्यांनी विचारलं. शिंपी पुष्कळ विचार करून म्हणाला, "मी फार भोळा आहे."

काका हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. "अहो, तळं आटलं की तळातले दगड दिसतात. तुमचा मला रस्त्यावरून दिसतोय. एकदा 'माझं चुकलं' म्हणून बघा."

घरी बायकोने तर निर्वाणीचंच सांगितलं होतं. "पुन्हा गिऱ्हाइकासमोर तुमची चूक माझ्या नावावर खपवलीत, तर मशीन उचलून बहिणीकडे जाईन. पीत होतात तेव्हा नाही गेले, आता जाईन." टेम्पोवाल्याकडे चौकशीही करून आली होती. शिंपी मनातून घाबरला होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दातांची डॉक्टरीण कोट घालून बघायला आली. तिने हात पुढे केला, तर दोन्ही बाह्या मनगटाच्या अलीकडेच संपलेल्या. माप शिंप्याने घेतलं होतं, कात्रीही त्यानेच चालवली होती. मागे मशीनचा आवाज थांबला.

शिंप्याच्या जिभेवर तीन सबबी तयार होत्या. पहिली, हल्ली अशाच बाह्यांची चलती आहे. दुसरी, लोकांचे दात ओढून ओढून तुमचे हात लांबलेत. तिसरी मशीनवर बसून त्याच्याकडेच बघत होती.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "माप मीच चुकीचं घेतलं. आत कापड दुमडलेलं आहे, ते सोडून बाही लांब करतो."

"बरं," म्हणून डॉक्टरीण कोट काढून ठेवून निघून गेली. जग काही बुडालं नाही. शिंप्याला याचं जरा वाईटच वाटलं.

तो वळला, तर बायको पांढरीफटक! तिने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याची हनुवटी धरली. "आ करा."

"अगं, पण—"

"आ करा म्हणते ना!" तिने वास घेतला. पुन्हा घेतला. वास नुसता चहाचा. तिचे डोळे भरून आले. "कुठे प्यायलात, खरं सांगा. प्यायल्याशिवाय तुम्ही कधी माफी मागितलीय का?"

शिंप्याला हसू फुटलं आणि तिथेच जिरलं. एवढ्या संसारात शुद्धीत असताना आपण कुणापुढेच नमलो नाही, हिच्यापुढे तर नाहीच. त्याला मनापासून लाज वाटली. शपथ घ्यावी, तर शपथा त्याने केव्हाच स्वस्त करून ठेवल्या होत्या. मग तो खाली बसला आणि बाही उसवू लागला. पूर्वी माफी मागून झाली की तो घोरायला लागे.

बायको त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं थरथरत नव्हती. टाका तेवढा तुटत होता, कापडाला धक्का लागत नव्हता. तिने डोळे पुसले आणि शटर वर ढकललं.

"तुझ्यावर ढकललेलं ते सगळंच माझं होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "माफ कर."

ती शेजारी येऊन बसली. दुसरी बाही तिने आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि टाका टाका उसवत राहिली.

"सगळंच नाही," ती हळूच म्हणाली. "त्या वकिलाच्या पँटची वाट मीच लावली होती."