हलका चाप

आमच्या व्हर्लिनला कुठलीही वस्तू जशी आहे तशी बघवत नाही. आमचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, घरात काही मोडकंतोडकं राहणार नाही. तसंच झालं म्हणा. वस्तू बिघडायच्या आधीच त्याचे हात शिवशिवायला लागतात. माझ्या शिवणयंत्राचं पायडल त्यानं असं सुधारलं की पाय नुसता टेकला तरी यंत्र सुसाट सुटायचं, आणि चर्चच्या विक्रीसाठी शिवलेल्या गोधडीला मी माझी बाही शिवून बसले होते. असले किस्से मी चारचौघांत हसून सांगते. डार्लाच्या पिस्तुलाचं मात्र मला हसून सांगता येत नाही.

डार्ला आमची एकुलती एक. नवऱ्याच्या तावडीतून सुटल्यावर ती शेजारच्या गावात एकटी राहायला लागली, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायला लागली. रात्रपाळी संपली की अंधारात गाडीपर्यंत एकटीनं चालायचं, आणि तो सोडलेला नवरा अजून त्याच भागात हिंडतोय. तेव्हा तिनं ते छोटं पिस्तूल घेतलं, शर्टाखाली कमरेला दिसणार नाही असं. ओक्लाहोमात याचं कुणाला नवल नाही. माझ्या आईच्या पर्समध्येही एक असायचं, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या शेजारी. पण डार्ला ते नुसतं बाळगून थांबली नाही, ते चालवायला जीव लावून शिकली. लग्नात जी मान खाली गेली होती ती त्या चांदमारीच्या मैदानावर हळूहळू वर आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिच्याबरोबर कामाला असलेल्या बायका मग तिलाच विचारू लागल्या. शेवटी तिथं शिकवणारा हॉलिस तिला म्हणाला, ‘मी आता थकलो गं. बायकांचा वर्ग तू घे.’

आधी परीक्षा द्यायची होती. रोज जे पिस्तूल कमरेला असतं त्यानंच द्यायची, असा तिथला नियम. आणि दुसरा नियम त्याहून कडक: निशाणावर रोखण्याआधी गोळी सुटून मातीत गेली, तर त्या माणसाला तिथं शिकवायला कधीच उभं करत नाहीत.

मैदान आमच्या घरापासून जवळ, म्हणून शुक्रवारी ती मुक्कामाला आली. जेवताना व्हर्लिननं छेड काढली. ‘काय मास्तरीणबाई, गोळ्या अजून डावीकडंच जातात का?’

‘गोळ्यांना नावं ठेवू नका, डॅडी. हा ट्रिगर मेला वाईट आहे. खडीवरून खुर्ची ओढतेय असं वाटतं.’

‘मग बदलून टाकू की. आता काय एकेक मिळतात, लोण्यासारखे.’

‘बदलू. पण परीक्षा झाल्यावर. आत्ता हाताला याचीच सवय आहे.’

‘ऐकलंस ना?’ मी त्याला म्हणाले. ‘झाल्यावर.’

‘बहिरा नाही मी, ओपल,’ तो म्हणाला आणि आणखी बटाटे वाढून घेतले.

उठताना डार्लानं पिस्तूल रिकामं करून त्याच्याकडं दिलं. ‘तेवढं साफ करून ठेवाल, डॅडी?’ लहानपणी सायकल द्यायची तशीच दिली, मागं वळूनही न बघता.

सकाळी मी न्याहारीच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवर घालायची ग्रेव्ही ढवळत होते आणि डार्ला आंघोळीला गेली होती, तेव्हा व्हर्लिन गॅरेजमधून शीळ घालत आला. पोरीची परीक्षा म्हणून स्वारी खुशीत आहे, असं मला वाटलं. डार्ला आवरून आली, तिनं पिस्तूल हातात घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि चामडी खोळीत घालून कमरेला लावलं.

‘लखलखीत केलंय बघ,’ तो म्हणाला.

‘थँक यू, डॅडी.’ तिनं त्याच्या गालाचा पापा घेतला.

त्यानं काय केलं होतं ते आता सांगते. नवा ट्रिगर त्यानं कधीचाच मागवून खणात दडवून ठेवला होता. त्या सकाळी तो बसवला, सोबतची हलकी स्प्रिंगही घातली. खोटी काडतुसं घालून पुन्हापुन्हा ओढून बघितला. काम चोख होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. बोट लावण्याआधी तिच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम जुन्यासारखाच काळा निवडला होता.

मैदानावर वारा होता, आमच्याकडं तो कधी नसतो म्हणा. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागं मी घडीची खुर्ची टाकून बसले. व्हर्लिन बसायलाच तयार नव्हता. तो दोरीला चिकटून उभा, मान लांब करून. बाकीचे चार बाप्येही टोप्या सावरत आले होते, बाई मास्तर कशी दिसते ते बघायला.

डार्लानं पिस्तुलात गोळ्या भरून ते पुन्हा कमरेला लावलं. हॉलिसनं शिट्टी फुंकली. डार्लानं शर्ट वर केला, पिस्तूल काढलं. जुना ट्रिगर लांब आणि जड, म्हणून पिस्तूल पुढं नेता नेताच ती तो थोडा ओढून घ्यायची. म्हणजे हात ताठ होईपर्यंत उरलेलं अंतर थोडंच राहायचं. अशी सवय तिनं मेहनतीनं लावून घेतली होती. नव्या ट्रिगरला तेवढं ओढणंच पुरेसं होतं. पिस्तुलाचं तोंड खालीच होतं आणि गोळी सुटली. तिच्या आणि निशाणाच्या मधोमध माती उडाली.

हॉलिस तिच्याजवळ गेला, पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, मातीच्या बंधाऱ्याकडं तोंड करून ट्रिगर ओढला. मग पुन्हा एकदा ओढला.

‘डार्ला, हा ट्रिगर कंपनीचा नाही.’

तिनं पिस्तुलाकडं बघितलं. मग वळून दोरीकडं बघितलं, आणि तिला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. मी खुर्चीतून उठून तोंड उघडणार, तोच तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. व्हर्लिनला तिनं नको म्हटलं नाही. त्याच्याकडं ती नुसती बघत राहिली.

‘कुणी बसवला हा?’ हॉलिसनं विचारलं.

मी दोरीपाशी जाऊन व्हर्लिनला कोपरानं ढोसलं. त्याचा जबडा हलला. दोरी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं. समोर त्याचे सगळे दोस्त होते, ज्यांची निम्मी पिस्तुलं यानंच नीट करून दिली होती.

तो बोलला नाही.

‘पिस्तूल माझं आहे, हॉलिस,’ डार्ला म्हणाली. ‘हात माझा होता. मीच तपासायला हवं होतं.’

‘हो, हवं होतं,’ हॉलिस म्हणाला. त्यालाही ते म्हणताना बरं वाटलं नसावं. नियम मात्र त्यानं मोडला नाही. तिला टोपी काढून सलाम केल्यासारखं केलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ती आमच्याबरोबर घरी आली नाही. आपली गाडी घेऊन तशीच गेली. आमचा पिकअप ट्रक मैदानाबाहेर पडतो न पडतो तोच मी विचारलं.

‘का नाही बोललास?’

‘बोलून काय होणार होतं? गोळी मागं आली असती?’

‘गोळीचं कोण विचारतंय? ती तुझ्याकडं बघत होती, व्हर्लिन.’

त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. इंजिन बंद केलं. ‘मला वाटलं होतं,’ तो म्हणाला, ‘पहिली गोळी सुटली की तिला फरक कळेल, आणि ती मागं वळून माझ्याकडं बघून हसेल.’

मला त्याची दया आली, आणि त्याच दमात त्याला खाली ढकलून द्यावंसंही वाटलं. दोन्ही अगदी खरं.

सोमवारी तो हॉलिसकडं गेला, सगळं सांगितलं. हॉलिसनं त्याला कॉफी पाजली. ‘मला त्याच दिवशी अंदाज आला होता,’ तो म्हणाला. ‘या भागात इतकं सफाईदार काम दुसरं कोण करतं? पण व्हर्लिन, हे तू तिथं सांगायचं होतंस. आता सांगून तुझं ओझं हलकं होईल, तिचं नाही.’ बायकांचा वर्ग पुढं भरलाच नाही. हॉलिसचे गुडघे गेले, आणि डार्लाबरोबरच्या बायकांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

नंतर एकदा डार्ला आली, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, ‘डॅडी, जुना बसवून द्या.’ आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं जुना बसवला. ती शेजारी बसून शेवटपर्यंत बघत होती. मग तिनं स्वतः तो ओढून बघितला, एकदा नाही, पुष्कळदा. मग आभार मानले. व्हर्लिन म्हणाला, ‘डार्ला, मी त्या दिवशी…’ ती म्हणाली, ‘असू दे, डॅडी.’ आणि त्याला ते असूच द्यावं लागलं.

ईस्टरला ती पुन्हा आली, पीकनची पाई घेऊन, अक्रोडासारख्या दाण्यांची, गोड. हसली, बोलली, माझ्या केसांना नावं ठेवली. जेवणं झाल्यावर व्हर्लिन गपचूप उठला आणि जुनं जर्किन चढवून बाहेर गेला. गाडी चालवायला लागल्यापासून डार्लाच्या गाडीचं तेल तोच बदलत आलाय. नवरा होता तेव्हाही तोच बदलायचा. पसरट भांडं आणि चिंध्या घेऊन तो गेला, आणि मी टेबल आवरते न आवरते तोच परतही आला.

‘एवढ्यात झालं?’ मी विचारलं.

‘काचेवर तेल बदलणाऱ्या दुकानाचा स्टिकर आहे,’ तो म्हणाला. ‘करून घेतलंय तिनं.’

डार्ला पाईचा तुकडा कापत होती. तिनं वर बघितलं नाही. ‘वाटेतच दुकान होतं, डॅडी. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास.’

‘बरं केलंस,’ व्हर्लिन म्हणाला. त्याच्या हातांना काहीच लागलं नव्हतं, तरी सिंकपाशी जाऊन तो ते धूत राहिला.