चाळीस कुकरांचं पत्र

मी कव्हर लेटर बोलतोय. नोकरीच्या ऑनलाइन अर्जात तळाशी एक रिकामी चौकट असते आणि शेजारी 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं, तिथला मी. म्हणजे आलात तर आलात, नाही आलात तर आमचं काही अडत नाही! असल्या आमंत्रणाला कोण जातं? मी गेलो, आणि ताठ मानेने गेलो.

माझा जन्म कानडी मुलखातल्या राजाजीनगरात, भांड्यांच्या दुकानामागच्या घरात झाला. मला लिहिलं शाल्मलीने. बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात माल तपासणीची जागा निघाली होती. डिप्लोमा होता, आधीचा अनुभव होता. पण बायोडेटात मधली तीन वर्षं कोरी. तिचे वडील श्रीधरराव अंथरुणाला खिळले, तेव्हा ती नोकरी सोडून दुकानात बसली होती. त्या कोऱ्या जागेने चार ठिकाणी तिचा घात केला. वडील बरे झाले, पण 'माझ्यापायी पोरीची तीन वर्षं मातीत गेली' हे त्यांचं पालुपद काही सुटेना.

व्हाइटफील्डला आयटीत असलेला तिचा मावसभाऊ अद्वैत म्हणाला, "अगं, ऑप्शनल आहे ना? मग सोड की. कोण वाचतंय!"

तरी तिने नेटवरून एक तयार मजकूर उचलला. मी मेहनती, मी उत्साही, वगैरे. तो माझा पहिला अवतार. छे, मलाच जांभई आली! असलं पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं, असं म्हणून तिने मला पार पुसून टाकलं. शहाणी पोर.

मग तिने खरं ते लिहिलं. दिवाळीच्या तोंडावर दुकानात चाळीस कुकर आले होते. झाकण लावताना रिंग एका बाजूने स्वल्प उचलली जातेय, हे तिच्या बोटांना जाणवलं. तिने एकेक कुकर पाणी घालून शेगडीवर चढवला, कडेने वाफ निसटताना पाहिली आणि अख्खा माल परत पाठवला. गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने गेली. श्रीधरराव अंथरुणातून तणतणले. पुढे कुकरच्या कंपनीने गुपचूप सगळे कुकर बदलून दिले.

मी कागदावर उतरलो तेव्हा श्रीधररावांनी शब्दाखाली बोट धरून मला वाचलं. मग सही कर म्हणाले. सहीशिवाय पत्र कसलं? तिने सही केली आणि ती चहा टाकायला गेली. तेवढ्यात त्यांनी मला देवापुढे नेलं आणि लग्नपत्रिकेला लावावी तशी चारही कोपऱ्यांना हळद लावली. मुदत संपत आलेली. शाल्मलीने घाईघाईत मोबाइलने माझा फोटो काढला आणि अर्जाला जोडला. पिवळी बोटं दिसली ती पाठवल्यावर. अद्वैतने कपाळाला हात लावला आणि ती तर दोन दिवस जेवली नाही.

आठवड्याने बोलावणं आलं. मुलाखतीला विद्याश्री मॅडम होत्या, तपासणी विभागाच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर माझी छापील प्रत, हळदीसकट. हळदीमुळे त्या थांबल्या असतील, मान्य. पण शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना नेलं ते मी! रिंगचा दोष कसा कळला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग कानडीत म्हणाल्या, "तीन वर्षं कोरी कुठे आहेत? तुम्ही हेच तर काम करत होता."

घरी येऊन तिने आधी नोकरी मिळाल्याचं सांगितलंच नाही. हे वाक्य सांगितलं. श्रीधररावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि कानडीत 'सरी, सरी', म्हणजे बरोबर, बरोबर, एवढंच म्हणत राहिले.

तुम्हीही अर्ज भरत असाल. बायोडेटाला सांगता येणार नाही असं काही तुमच्यापाशी असेल, तर मला जरूर न्या. नसेल तर ती चौकट खुशाल रिकामी ठेवा. मला उगाच राबवू नका.

मी हल्ली दुकानात गल्ल्यामागे काचेत असतो, हळदीच्या बोटांसकट. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कसलं सर्टिफिकेट? श्रीधररावांनी हातातला कुकर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या शाल्मलीची तीन वर्षं आहेत ती."